चाळीस शिवणींतल्या काळ्या भुकटीचा खुलासा

प्रति,
मा. उपनियंत्रक (माल पडताळणी),
निर्यात माल पडताळणी कक्ष,
बंदर गोदाम क्र. ७, पश्चिम किनारा विभाग.

विषय : भेंडी वाळवण्याच्या चाळीस सौर पिशव्यांच्या शिवणीत सापडलेली काळी भुकटी माझी असल्याबाबत, आणि कु. इखलास हिचे नाव चौकशीतून काढण्याबाबत.

संदर्भ : १) कु. इखलास हिला आलेली आपली नोटीस, दि. २८ जुलै २०२५.
२) माझे यापूर्वीचे अर्ज, दि. ३० जुलै (इंग्रजी) व दि. ६ ऑगस्ट (कन्नड).
३) आपले चार आक्षेप, दि. १२ ऑगस्ट.
४) आपले लिपिक श्री. मनोहरराव यांच्याशी काल फोनवर झालेले बोलणे.

महोदय,

मी खाली सही करणार रंगराव विठोबाराव माळवदे, वय ६३, धंदा शिवणकाम, दुकान देवराज मोहल्ला, राहणार अग्रहार, म्हैसूर. हा माझा तिसरा अर्ज. पहिले दोन अर्ज विनंतीचे होते. हा कबुलीचा आहे, म्हणून लांबला तर माफी असावी.

काल श्री. मनोहरराव फोनवर म्हणाले, "साहेब मराठीच आहेत. इंग्रजी-कन्नड सोडा, सरळ मराठीत लिहा, भानगड काय ती कळू द्या." आमची मराठी घरात बोलायची आहे, कचेरीत चालवायची नाही. दोनशे वर्षे म्हैसुरात राहून तिला इथले पाणी लागले आहे. तरी खरे सांगायला तीच बरी पडेल असे वाटते, कारण खोटे मी कन्नडमध्ये बोललो.

१. प्रथम मालाविषयी. कु. इखलास ही सुदान देशाची विद्यार्थिनी. म्हैसुरात अन्नप्रक्रियेचे शिक्षण घेते आणि गेली तीन वर्षे आमच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहते. ती आली त्याच्या पुढच्या वर्षी तिच्या देशात युद्ध पेटले. तिचे गाव आता गाव म्हणून राहिलेले नाही. तिची आई सरहद्दीवरच्या एका छावणीत आहे, तंबूत. तिथल्या बायका पावसाळ्याअखेरीस भेंडी पिकवतात, वाळवतात, कुटून ठेवतात आणि पुढचे सहा महिने त्याच भुकटीच्या कालवणावर काढतात. (ही भुकटी हिरवी असते. तिचा या प्रकरणाशी संबंध नाही.) उन्हात उघड्यावर ठेवली तर भेंडी धुळीने आणि माश्यांनी नासते, म्हणून धुरावर वाळवतात. धुराला लाकूड लागते आणि लाकूड छावणीच्या बाहेर, बंदूकवाल्यांच्या बाजूला असते. लाकडाला गेलेल्या दहा बायकांपैकी दहाच्या दहा परत येतील असे तिथे कोणी धरून चालत नाही.

२. यावर इखलासने एक पिशवी योजली. माणसाच्या उंचीची, खालून जाड काळे कापड, वरून पारदर्शक कागद, एका तोंडाला तळहाताएवढ्या सौर पत्र्यावर चालणारा छोटा पंखा. भेंडी आत, धूळ बाहेर. लाकूड नको, डिझेल नको. पहिली पिशवी आमच्या गच्चीवर तपासली. माझी पत्नी सौ. सुमित्राबाई हिने तीत ताकातल्या मिरच्या घातल्या आणि ढगाळ हवेतही त्या तिसऱ्या दिवशी कुरकुरीत झाल्या. एका सेवाभावी संस्थेने हे पाहून चाळीस पिशव्यांचे कापड दिले. शिवण मी केली, माझ्या पायाच्या मशीनवर. दि. ३ जुलै रोजी चार खोकी म्हैसुराहून निघाली. पाठवणार म्हणून कागदावर सही इखलासची आहे, कारण परदेशच्या छावणीचा पत्ता तिलाच नीट लिहिता येत होता.

३. दि. ११ जुलै रोजी आपल्या यंत्राला खोक्यांत चाळीस काळे ठिपके दिसले. प्रत्येक पिशवीच्या काठाच्या दुमडीत एक, चिंचोक्याएवढा, सर्व बाजूंनी शिवून बंद केलेला. युद्धाच्या देशाकडे निघालेला माल आणि त्यात लपवलेली काळी भुकटी. आपण माल अडवला यात आपली चूक नाही, साहेब. आपल्या जागी मी असतो तर मीही अडवला असता.

४. ती भुकटी म्हणजे बुक्का. विठोबाच्या कपाळाचा, भजनानंतर आम्ही एकमेकांना लावतो तो. आमच्या घराण्यात अशी रीत आहे की जी शिवण दूरदेशी जायची, तिच्या शेवटच्या दुमडीत बुक्क्याची एक चिमूट कापडात बांधून सात टाक्यांनी बंद करायची. तिला आम्ही 'वाटेची चिमूट' म्हणतो. वस्तू पोचावी, वापरणारा सुखी असावा, एवढाच तिचा अर्थ. सासरी जाणाऱ्या मुलीच्या झंपरात, परदेशी नोकरीला जाणाऱ्याच्या कोटात माझ्या वडिलांनी ती घातली, मीही घालत आलो. आणि ती घातली हे गिऱ्हाइकाला कधीही सांगायचे नाही. सांगितले तर तो दिखावा झाला. म्हणून इखलासला मी सांगितले नाही. तिला परवापर्यंत काहीही ठाऊक नव्हते. हा नियम मी या प्रकरणात पहिल्यांदा मोडतो आहे.

५. आता मूळ गोष्ट. दि. १८ जुलै, शुक्रवार, सकाळी साडेअकरा. दुकानात चार गिऱ्हाइके होती. दोन पोलीस अधिकारी आले आणि त्यांनी आपल्या यंत्राने काढलेला फोटो माझ्या कापायच्या टेबलावर ठेवला. चाळीस ठिपके मी एका नजरेत ओळखले. स्वतःची शिवण कोण ओळखत नाही? त्यांनी विचारले, हे काय आहे? आणि 'स्फोटक' हा शब्द उच्चारला. मी म्हणालो, "गोत्तिल्ला, सार." म्हणजे ठाऊक नाही, साहेब. त्यांनी विचारले, कापड कोणी आणून दिले? मी म्हणालो, त्या मुलीने. हे खरे होते. परंतु त्या 'गोत्तिल्ला'च्या शेजारी बसून ते खोट्याहून वाईट झाले. जबानीत असे उतरले की शिंप्याला भुकटीची माहिती नाही, सामान परदेशी विद्यार्थिनीने पुरवले. मी खाली सही केली. ती सही अगदी झोकदार आली आहे, आपण पाहिली असेल.

६. त्या जबानीवरून दि. २८ जुलैची नोटीस निघाली आणि ती इखलासच्या नावाने आली. तिचा इथे राहण्याचा परवाना दि. ३० ऑगस्टला संपतो. चौकशी उघडी असेपर्यंत तो वाढवता येत नाही, असे संबंधित कचेरीने तिला लेखी कळवले आहे. आज १९ तारीख. म्हणजे अकरा दिवस. त्यानंतर तिने जायचे कुठे, हे त्या पत्रात लिहिलेले नाही. तिच्या पासपोर्टावर एकच देश आहे आणि त्या देशात आज कुठल्या रस्त्यावर कोणाची चौकी आहे हे तिच्या आईलाही सांगता येत नाही.

७. आपण विचाराल, मग तीन आठवडे हा इसम गप्प का बसला? भीतीने. दुसरे उत्तर मला सुचत नाही. इंग्रजी अर्ज माझा मुलगा गगन याने लिहिला. तो शिकलेला आहे. त्याने 'सदर भुकटी बहुधा धार्मिक वापरातील असावी, उगम अज्ञात' असे घातले आणि मला म्हणाला, "अप्पा, तुमचं नाव कशाला? प्रॉब्लेम आपोआप सॉल्व्ह होईल." कन्नड अर्ज मी स्वतः लिहिला आणि त्यात पिशव्यांची लांबी-रुंदी दिली. भुकटीबद्दल अक्षर लिहिले नाही.

आणि वरच्या माडीवर ती मुलगी काय करत होती ते आपल्या रेकॉर्डवर यावे. तिला वाटले, काळ्या कापडाचा रंग सुटून दुमडीत साचला असावा. तिने माझ्याकडूनच उरलेल्या चिंध्या मागून नेल्या. काही पाण्यात उकळल्या, काही जाळल्या, काही व्हिनेगरमध्ये घातल्या. रंग सुटेना. चार पानी शास्त्रीय खुलासा लिहिला आणि मलाच वाचून दाखवला, कारण शिवणीतले मला कळते असा तिचा समज. मी मान डोलावली. एक तांत्रिक शब्द सुधारूनही दिला. साहेब, स्फोटकापेक्षा याची शिक्षा मोठी असायला हवी.

८. दि. १६ रोजी शनिवारी सौ. सुमित्राबाई हिने माझ्यापुढे जेवणाचे ताट ठेवले आणि हात धरून ठेवला. म्हणाली, "सुम्ने गप्प बसू नका हो. खोटं तुम्ही बोलले आणि निस्तरते ती. इदु न्यायाना?" पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिने मला न्याय विचारल्याचे हे पहिलेच. मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माडीवर जाऊन इखलासला सर्व सांगितले. ती काय म्हणाली ते पुढे येईल. आधी आपले चार आक्षेप, कारण त्यांची उत्तरे न देता मनातले सांगत बसणे कचेरीच्या शिस्तीला धरून होणार नाही.

आक्षेप पहिला, भुकटीचे स्वरूप. बुक्क्यात कोळसा, चंदनाचा भुसा, वाळा, नागरमोथा आणि कापूर असतो. तो उडत नाही. खात्रीसाठी दि. १७ रोजी मी गच्चीवर चमचाभर बुक्का ताटलीत घेऊन काडी लावली. पंच म्हणून आमचे शेजारी, निवृत्त शिक्षक श्री. रघुनाथराव हजर होते. तो धुमसला, वास सुटला, विझला. श्री. रघुनाथराव यांनी दोन वेळा शिंका दिल्या. पंचनामा सोबत आहे. आता हे वाक्य लिहून झाल्यावर गगन म्हणतो, संशयित स्फोटकाला घरी काडी लावली असे लेखी देणे बरोबर नाही, खोडा. मी खोडणार नाही. या प्रकरणात खोडाखोड पुष्कळ झाली.

आक्षेप दुसरा, चाळीसही पुड्या समान वजनाच्या, यावरून योजनाबद्ध कृत्य दिसते. होय, योजनाबद्ध आहे. मी बुक्का अंगुस्तानाने मोजतो, म्हणजे सुई बोचू नये म्हणून बोटात घालतो त्या टोपीने. टोपी एकच, म्हणून वजन एकच. ती टोपी माझ्या आजोबांची आहे. आपण जप्त केलीत तर पावती मिळावी.

आक्षेप तिसरा, माल संघर्षग्रस्त प्रदेशात जात होता. होय. जिथे लाकडाला जाण्यात मरण नाही तिथे या पिशवीची एवढी निकड नसते. शांततेच्या गावी त्या पाठवल्या असत्या तर आपली तपासणी सोपी झाली असती, पण मग त्या शिवायच्या कशाला? भेंडी सप्टेंबरच्या मध्याला तयार होते. पिशव्या त्यानंतर पोचल्या तर यंदाही धूर आणि यंदाही लाकूड.

आक्षेप चौथा मी सात वेळा वाचला. संस्थेच्या प्रमाणपत्रात 'या वस्तूच्या वापरातून कार्बन उत्सर्जन शून्य' असे म्हटले आहे, मात्र प्रयोगशाळेला भुकटीत कार्बन आढळला, सबब प्रमाणपत्र खोटे ठरते, असे आपले म्हणणे. महोदय, कोळशात कार्बन असतो हे मान्य. चाळीस चिमटींचा मिळून दीड मुठीएवढा कोळसा होतो. तो कोणी जाळत नाही, दुमडीत बसून राहतो. तरीही प्रमाणपत्रात एवढ्या कोळशाची नोंद करून घ्यायची असल्यास माझी हरकत नाही. आमच्या विठ्ठलमंदिरात तो डबाभर आहे आणि एकादशीला पन्नास-साठ माणसे कपाळावर लावून बाजारातून घरी चालत जातात. त्यांनाही कळवायचे असल्यास पत्ते देतो.

९. आता इखलास काय म्हणाली ते. ती रागावेल, खोली सोडेल, असे धरूनच मी गेलो होतो. तिने फक्त विचारले, "अंकल, ते कशासाठी घालतात?" मी सांगितले, पोचावे म्हणून. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "मग पोलिसांना नाही तर मला तरी सांगायचं होतं. मी चिंध्या कशाला जाळल्या?" एवढेच. याहून जास्त ती बोलली असती तर मला सोपे गेले असते.

१०. सबब माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे. माझी दि. १८ जुलैची जबानी खोटी समजावी व तिच्या जागी हा अर्ज घ्यावा. खोट्या जबानीबद्दल जो गुन्हा होतो तो माझ्यावर, एकट्यावर, नोंदवावा. नोटिशीतून कु. इखलास हिचे नाव काढून माझे घालावे, आणि चौकशीत तिचा संबंध नाही असे एका ओळीचे पत्र ३० तारखेपूर्वी द्यावे. एका ओळीपेक्षा अधिक मी मागत नाही. पिशव्यांतल्या चिमटी आक्षेपार्हच वाटत असतील तर कृपया ब्लेडने कापू नयेत. दुमड कापली तर आत धूळ शिरेल आणि पिशवी वाया जाईल. मी स्वतः येतो, उसवायची सुई घेऊन. चाळीस दुमडी उसवून, भुकटी आपल्या स्वाधीन करून, तिथेच पुन्हा शिवून देतो. दोन दिवस पुरतील. मशीन बरोबर आणतो, पायाचे आहे, आपल्या कचेरीची वीज लागणार नाही. एक स्टूल मिळाले तर बरे.

११. शेवटची एक बाब, तिचा कायद्याशी संबंध आहे की नाही हे मला ठाऊक नाही. दि. १३ रोजी, मी खरे सांगण्याआधी, इखलास आपली प्रवासाची बॅग दुकानात घेऊन आली. चेन तुटली होती. जावे लागले तर बॅग तयार असावी म्हणाली. मी चेन काढली आणि अस्तरात हाताला काही गाठीसारखे लागले. चामड्याची इवलीशी पुडी, आतून हाताने शिवून बंद केलेली. टाके बारीक, पण वाकडेतिकडे. म्हैसूरला निघताना तिच्या आईने ती घातली आणि तिला सांगितले नव्हते. मी विचारल्यावर तिने ती पहिल्यांदा चाचपून पाहिली आणि टाके आईचे म्हणून ओळखले. आमच्या रीतीचे माणूस तिकडेही आहे, हे मला त्या दिवशी कळले. कृपया त्या पुडीची वेगळी चौकशी लावू नये. तीन वर्षांपूर्वी ती सर्व यंत्रांतून सुखरूप आली आहे.

बॅगेला नवीन चेन लावायला वीस मिनिटे लागतात. आज सहावा दिवस आहे. ती रोज संध्याकाळी दुकानावरून जाताना विचारते आणि मी रोज सांगतो, उद्या ये. शिंपी उद्या ये म्हणतो, यात कोणाला नवल वाटत नाही. तिलाही वाटत नसावे, किंवा वाटत असेल आणि ती बोलत नसेल. मशीनला धागा ओवलेला आहे, चेन मापाची कापून ठेवली आहे. मी ती लावत नाही. साहेब, माझ्या हातून दूर जाणाऱ्या वस्तूत चिमूट घालायची रीत आहे, आणि या बॅगेत ती घालायची हिंमत आता माझ्यात नाही. माझे 'उद्या' आणखी अकरा दिवस पुरेल. त्याच्या आत आपली एक ओळ यावी.

खोटी जबानी झोकात सही करून दिलेला आणि खरी थरथरत देणारा,
आपला नम्र,
(सही)
रंगराव विठोबाराव माळवदे
अग्रहार, म्हैसूर
दि. १९ ऑगस्ट २०२५

सोबत :
१) बुक्का जाळल्याचा पंचनामा, श्री. रघुनाथराव यांच्या सहीसह.
२) कु. इखलास हिचा कापडाच्या रंगाविषयीचा चार पानी खुलासा. तो चुकीचा आहे, पण तिचा प्रामाणिकपणा त्यातून दिसतो.
३) अर्जदाराचा फोटो. नमुना म्हणून पुडीभर बुक्का पाठवायचा होता, परंतु कुरिअरवाल्याने काळी भुकटी घेण्यास नकार दिला. सबब तो कपाळाला लावून फोटो काढला आहे.
४) माळवदे टेलरिंगच्या पावतीची प्रत. काम : प्रवासाची बॅग एक, चेन बदलणे. देण्याची तारीख : कोरी.